तुम्ही विचारलंत म्हणून : पियानोबरोबर डझनभर रोल फुकट

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. सकाळी टेकडीवर भेटणारे मित्र विचारतात, पुतण्या विचारतो, परवा तर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “काका, तुम्हाला पियानो वाजवता येत नाही, घरात पियानो नाही. मग शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या पियानो-दुकानदारांचे पेपर कशाला वाचत बसता?” तेव्हा माझ्या तोंडात त्यांचा आरसा आणि कापूस होता, त्यामुळे उत्तर राहून गेलं. ते आता देतो, जरा ऐसपैस.

एकतीस वर्षं मी पाण्याचे फिल्टर विकले. घरोघरी नव्हे. मी विकायचो दुकानदाराला, दुकानदार विकायचा गिऱ्हाइकाला. सातारा, सांगली, कोल्हापूर हा माझा एरिया. आधी एसटी, मग स्कूटर, शेवटची दहा वर्षं कंपनीची गाडी. या कामात एक गोष्ट हाडात मुरते. टीव्हीवरची जाहिरात घरातल्या बाईसाठी असते; पण शोकेसमध्ये कोणता डबा पुढे ठेवायचा, कोणता पोटमाळ्यावर टाकायचा आणि कोणत्या कंपनीचं नाव निघालं की नुसतं “हं” म्हणायचं, हे काउंटरमागचा माणूस ठरवतो. त्याला जिंकायला वेगळी भाषा लागते. त्या भाषेत शुद्ध पाण्याचा उल्लेख फारसा येत नाही. मार्जिन किती, उधारी किती दिवसांची, आणि शेजारच्या गल्लीत तोच माल कोणाला दिलाय, एवढंच येतं.

पियानोकडे मी वळलो तो मुलीमुळे. ती न्यू जर्सीत राहते. तिच्या शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक बाई होत्या, तळघरातला पसारा काढत होत्या, आणि रिकामा बसलेला म्हातारा पाहून त्यांनी मला मदतीला बोलावलं. तिथे भिंतीला टेकून एक उभा पियानो होता. बाईंनी मधली सरकती दारं उघडली तर आत तारा-बिरा काही दिसेना, भोकं पाडलेल्या कागदाचं एक भेंडोळं. त्यालाच रोल म्हणतात. खालचं झाकण उघडलं तर दोन रुंद पेडल बाहेर आली. “बसा आणि पाय मारा,” त्या म्हणाल्या.

आमच्या गावच्या भजनी मंडळात जुनी पायपेटी होती, कुठल्या तरी बुडालेल्या नाटक कंपनीकडून आलेली. लहानपणी तिच्यावर मी पाय मारलेत, त्यामुळे पेडलची चाल मला नवी नव्हती. पाय मारले आणि समोरच्या पट्ट्या आपोआप खाली-वर व्हायला लागल्या. सगळ्या नाही. पाचातली एखादी मुकी होती, आणि एक खाली गेली ती वर यायलाच तयार नव्हती. पण चाल ओळखू येत होती. बाई गुणगुणायला लागल्या. मी पाय जोरात मारला की आवाज चढायचा, हळू केला की उतरायचा, आणि दोन मिनिटांत मला, ज्याला सा आणि प यांतला फरक सांगता येत नाही त्याला, आपणच वाजवतोय असं वाटायला लागलं. या एका भावनेवर सगळा धंदा उभा होता.

आतली करामत अशी. पेडल मारली की भाते हवा फुंकत नाहीत, ओढून घेतात. आत निर्वात तयार होतो. अमेरिकन धाटणीचा पायाचा ऑर्गन असाच चालतो, आणि आमची पायपेटीही त्यातलीच. पियानोत कागदासमोर धातूची एक पट्टी असते, तिला ओळीने भोकं, दर स्वराला एक. कागदातलं भोक पट्टीतल्या भोकावर आलं की बाहेरची हवा आत घुसते, नळीतून जाऊन चामड्याचा पातळ पडदा उचलते, झडप सरकते, बोटाएवढा एक छोटा भाता झटकन मिटतो, आणि मिटता मिटता हातोडी तारेवर ढकलतो. अठ्ठ्याऐंशी स्वर असतील तर हे सगळं अठ्ठ्याऐंशी वेळा. कागदाचा वेग रोलच्या सुरुवातीला छापलेला असतो. ‘टेम्पो ७०’ म्हणजे मिनिटाला सात फूट.

या यंत्राचा बाजार उभा केला तो एओलियन कंपनीने. डेट्रॉइटच्या एडविन व्होटी नावाच्या गृहस्थांनी १८९०च्या दशकात ‘पियानोला’ तयार केला. तो पियानो नव्हता, एक कपाट होतं. ते पियानोपुढे सरकवायचं, त्याची नमदा लावलेली लाकडी बोटं पट्ट्यांवर टेकवायची आणि पाय मारायचे. किंमत २५० डॉलर. एओलियनने तो विकायला घेतला आणि मासिकांतून इतक्या धडाक्याने जाहिरात केली की वनस्पती तूप म्हणजे डालडा तसं आपोआप वाजणारा कुठलाही पियानो म्हणजे पियानोला झाला. काही वर्षांत यंत्र कपाटातून निघून पियानोच्या पोटात गेलं.

हे सगळं कळलं ते परत आल्यावर. त्या यंत्राबद्दल शोधत असताना इंटरनेटवर ‘म्युझिक ट्रेड रिव्ह्यू’चे जुने अंक सापडले. न्यू यॉर्कहून निघणारं व्यापारी साप्ताहिक. शिकागोहून ‘प्रेस्टो’ निघायचं, तेही सापडलं. पानंच्या पानं स्कॅन करून ठेवलीत कोणी भल्या माणसांनी. मी वाचायला बसलो ते संगीतासाठी, आणि पहिल्याच अंकात मला माझी माणसं भेटली. कंपनीचे फिरते विक्रेते दौऱ्यावरून परतलेत, ऑर्डरी बऱ्या आहेत म्हणतायत. अधिवेशन भरलंय, त्यात पुन्हा एकदा भावाबद्दल ठराव झालाय, आणि तो कोणी पाळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. रात्रीचे अकरा वाजले तरी मी वाचत होतो. बायकोने येऊन दिवा घालवला.

तुम्हाला वाटत असेल पियानोचा धंदा म्हणजे मखमल, झुंबर, मंद आवाजात बोलणारे विक्रेते. छे! आमचा बाजार त्यापुढे सोवळा म्हणावा. एकाच दुकानात एकाच पियानोचे तीन गिऱ्हाइकांना तीन भाव. कारखान्यातून बिननावाचा पियानो आणायचा, झाकणावर सोनेरी अक्षरांत हवं ते नाव रंगवायचं, आणि ते नाव एखाद्या नामांकित घराण्याच्या नावासारखं ऐकू आलं तर दुधात साखर. याला ते स्टेन्सिल पियानो म्हणत. गावातल्या संगीतशिक्षिकेला कमिशन ठरलेलं, म्हणजे ती शिष्याच्या आईला बरोबर आपल्याच दुकानात आणणार. वर्तमानपत्रात कोडं छापायचं, सोडवणाऱ्याला ‘बक्षीस’ म्हणून पियानोच्या किमतीत सूट देणारी चिठ्ठी पाठवायची. कोडं असं की कोणालाही सुटावं, आणि किंमत अशी की सूट देऊनही दुकानदाराचं काही जाऊ नये. यावर व्यापारी साप्ताहिकं आठवड्यामागून आठवडा ओरडत होती. आणि वरून ‘सिअर्स रोबक’सारख्या टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांची धास्ती. ते स्वतःच्या खास ब्रँडचा पियानो कॅटलॉगातून विकत होते.

सगळ्यात गंमत जुन्या मालाची. नवा पियानो द्यायचा तर गिऱ्हाइकाचा जुना पियानो किंवा ऑर्गन बदल्यात घ्यावा लागे, आणि स्पर्धेत त्याची किंमत फुगवून लावावी लागे. मागच्या खोलीत चौकोनी टेबलासारखे जुने स्क्वेअर पियानो साठत गेले. कोणी घेईना, कोणी टाकू देईना. शेवटी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत व्यापाऱ्यांनी अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर अशा पियानोंची जाहीर होळी केली. मला ते वाचून आमच्या गोदामातले बदल्यात घेतलेले गंजके स्टीलचे फिल्टर आठवले. आम्हाला समुद्र जवळ नव्हता, एवढंच.

अशा बाजारात आपोआप वाजणारा पियानो आला तेव्हा कंपन्यांना दोन वेगवेगळी भाषणं तयार करावी लागली. घरच्यांसाठीचं भाषण सोपं होतं. तुम्हाला वाजवता येत नसलं तरी तुम्ही वाजवाल. साध्या पियानोची जाहिरात आईला आणि मुलीला असे. या नव्या जाहिरातीत नवऱ्यालाही जागा होती, ऑफिसातून दमून येणाऱ्या, संगीत न शिकलेल्या नवऱ्याला. एओलियनने तर रोलवर एक लाल रेघ छापायला सुरुवात केली, ‘मेट्रोस्टाइल’ नावाने. हातातल्या दांड्याच्या टोकाने ती रेघ गिरवत गेलं की कुठे संथ, कुठे जलद ते आपसूक साधायचं. म्हणजे वादकाची जाण रेघेत उतरवून घरपोच. मला ही कल्पना आजही भारी वाटते.

दुकानदारासाठीचं भाषण निराळं. त्यात असं: बाबा रे, पियानो तू एका घराला एकदाच विकतोस. मुलगी लग्न होऊन गेली की तो फोटो ठेवायच्या कामी येतो, आणि तू पुढची वीस वर्षं त्या घरी जाऊ शकत नाहीस. पण या पियानोला रोल लागतात. आज नाचाची गाणी, उद्या चर्चची, परवा नवं काही. यंत्र एकदा, रोल दर महिन्याला. गिऱ्हाईक तुझ्या दुकानाची पायरी चढत राहील.

वाचताना मी खुर्चीतून उठलो. हे भाषण मी कराडच्या, इस्लामपूरच्या, जयसिंगपूरच्या दुकानांत शेकड्यांनी केलंय. फक्त रोलच्या जागी कँडल, म्हणजे फिल्टरमधली पाणी गाळणारी कांडी. फिल्टर एकदा, कँडल दर सहा महिन्यांनी.

दुकानदाराच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण सुरुवातीला त्याची पंचाईत खरी होती. प्रत्येक कंपनीचा रोल निराळा. कोणाचे पासष्ट स्वर, कोणाचे अठ्ठ्याऐंशी. भोकांमधलं अंतर निराळं, टोकाच्या खुंट्या निराळ्या. एकाचा रोल दुसऱ्याच्या पियानोत बसायचा नाही. दुकानदाराने किती तऱ्हांचा माल भरून ठेवायचा? अखेर डिसेंबर १९०८ मध्ये बफेलो शहरात कारखानदार एकत्र बसले आणि ठरवलं: कागद सव्वाअकरा इंच रुंद, पासष्ट स्वरांसाठी इंचाला सहा भोकं, अठ्ठ्याऐंशीसाठी नऊ. भांडकुदळ धंद्यात एवढी अक्कल एका बैठकीत दिसणं दुर्मीळ. मोबाइलच्या चार्जरवरून आपण किती वर्षं रडलो ते आठवा.

त्याच सुमाराला रोल म्हणजे छापील संगीत की यंत्राचा सुटा भाग, हा वादही अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. व्हाइट-स्मिथ नावाच्या संगीत प्रकाशकाने रोल विकणाऱ्या अपोलो कंपनीवर दावा लावला होता. १९०८ मध्ये कोर्ट म्हणालं, माणसाला डोळ्यांनी वाचता येत नाही, तेव्हा ही गाण्याची प्रत नव्हे; म्हणजे रचनाकाराला काही देणं लागत नाही. जॉन फिलिप सूझासारखे संगीतकार आधीपासूनच यंत्रांवर खवळलेले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकन काँग्रेसने, कायदा बदलला आणि दर रोलमागे दोन सेंट रचनाकाराला देणं बांधून टाकलं. पण त्यातली मेख अशी की एकदा एकाला परवानगी दिली की तेच दोन सेंट भरून दुसराही कोणी तो रोल काढू शकायचा. एओलियनने प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवले होते. सगळं संगीत एका कंपनीच्या तिजोरीत जाईल या भीतीने ही तरतूद आली. दुकानदाराच्या दृष्टीने उत्तम झालं. लोकप्रिय गाणं चार कंपन्यांकडून मिळायला लागलं.

म्हणजे माल एकसारखा, पुरवठा भरपूर, भाषण पटण्यासारखं. मग घोडं अडलं कुठे?

अडलं ते पियानोच्या बैठकीत. म्हणजे बसायच्या बाकात. त्या बाकाचं झाकण उघडतं आणि आत रोल ठेवायची जागा असते. पियानो विकताना सौदा अडला की विक्रेता म्हणायचा, बाक घ्या. तरी अडला की वर टाकायचं आच्छादन घ्या. तरी अडला की डझनभर रोल घ्या, आमच्याकडून. व्यापारी साप्ताहिकं यावर किती कळवळून लिहितात! तुम्ही ज्या वस्तूवर पुढची वीस वर्षं जगणार, तीच फुकट वाटताय. गिऱ्हाइकाच्या मनात तिची किंमत शून्य करताय. आणि पुढे लिहितात की रोलचं काउंटर दुकानाच्या मागे, जिन्याखाली, एखाद्या नवख्या पोराच्या हवाली; त्याला कॅटलॉग ठाऊक नाही, कुठला रोल संपलाय ते माहीत नाही. मोठ्या सौद्यावर जगलेल्या विक्रेत्याला डॉलर-सव्वा डॉलरचा रोल विकणं कमीपणाचं वाटायचं. शेकडो डॉलरांचा पियानो गेला की कमिशन मिळतं; रोल गेला तर काय मिळतं?

आता माझं पाप सांगतो. नव्वदच्या दशकात एका मार्चअखेरीला माझं टार्गेट अडकलं होतं. मी वरिष्ठांना सुचवलं, फिल्टरमागे दोन कँडल फुकट द्या. मंजूर झालं, माल उचलला गेला, माझं कौतुक झालं, मिक्सर मिळाला. पुढच्या वर्षी स्कीम बंद करायची कोणाची छाती झाली नाही. तिसऱ्या वर्षी कँडलचा खप कागदावर इतका घसरला की मुख्य कार्यालयातून माणूस आला. कराडचे एक जुने दुकानदार होते, सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा. ते मला म्हणाले, “साहेब, आता कँडलचे पैसे मागितले की गिऱ्हाईक माझ्याकडं चोरासारखं बघतंय. आन् बदलत बी न्हाईत. घासून घासून पार खडू केलाय कँडलचा. मग पाण्याला वास मारला की म्हणत्यात फिल्टर भिकार.” मी चहा प्यायलो आणि गप्प बसलो. मिक्सर अजून चालतोय.

म्हणून ते रकाने वाचताना मला हसू येत नाही. तो सल्ला लिहिणारा संपादक बरोबर होता आणि तो सल्ला पाळणं त्या दुकानदाराला त्या दिवशी परवडणारं नव्हतं, दोन्ही खरं. समोर गिऱ्हाईक उभं आहे, शनिवारची संध्याकाळ आहे, रस्त्यापलीकडचा दुकानदार पंधरा रोल देतोय.

सगळे असे नव्हते, हेही सांगायला हवं. शिकागोच्या गुलब्रॅन्सन कंपनीने दोन गोष्टी केल्या, त्यांवर माझा जीव आहे. एक, त्यांचा ट्रेडमार्क: रांगतं बाळ हाताने पियानोचं पेडल दाबतंय. बस्स. यंत्र किती हलकं चालतं ते सांगायला एक शब्द नको. लोकांना असलेली भीती अगदी घरगुती होती, पाय दुखतील, धाप लागेल; बाळाने ती घालवली. दुसरी गोष्ट त्याहून धाडसाची. पियानोच्या पाठीवर त्यांनी किंमतच उमटवून टाकली आणि तीच देशभरच्या मासिकांत छापली. आपल्याकडे एमआरपीची सवय असल्यामुळे यात काय विशेष असं वाटेल. पण ज्या बाजारात भाव गिऱ्हाइकाचे बूट पाहून ठरत होता, तिथे पाठीवर किंमत घेऊन येणारा पियानो म्हणजे दुकानदाराच्या हातातलं हत्यारच काढून घेणं. बदल्यात त्याला मिळायचं काय? जाहिरात वाचून, किंमत ठरवून आलेलं गिऱ्हाईक, ज्याच्याशी तासभर हुज्जत घालावी लागत नाही. हे गणित दुकानदाराला पटवणारे जे फिरते विक्रेते असतील, त्यांना माझा दंडवत. मला जमलं नसतं.

आणि रोलच्या बाजूने क्यूआरएस. मेल्व्हिल क्लार्क यांनी १९०० मध्ये शिकागोत काढलेली कंपनी. १९१२ मध्ये त्यांनी असा पियानो बनवला की वादक वाजवत असताना कागदावर दर स्वराची खूण उमटत जाते. मग त्या खुणांवर भोकं पाडायची. त्याआधी बहुतेक रोल म्हणजे स्वरलिपी समोर ठेवून पट्टीने मोजून पाडलेली भोकं, ऐकायला कवायतीसारखी. आता रोलवर ‘अमक्याने स्वतः वाजवलेला’ असं छापता आलं, आणि दुकानदाराला विकायला एक नाव मिळालं. नावांतही गमती होत्या. पंधराव्या वर्षी शाळा सोडून न्यू यॉर्कच्या एका संगीत प्रकाशकाकडे आठवड्याला पंधरा डॉलरवर गाणी वाजवून दाखवणारा जॉर्ज गर्श्विन जोडधंदा म्हणून रोल करायचा. न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजला जायचं, सहा रोलचे पंचवीस डॉलर घ्यायचे. एकाच पोराचे इतके रोल निघाले की काहींवर बर्ट विन, फ्रेड मुर्था अशी खोटी नावं टाकली गेली. पुढे मोठा संगीतकार झालेला हाच माणूस १९२४ मध्ये एओलियन कंपनीच्याच सभागृहात ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ ही आपली गाजलेली रचना घेऊन पियानोवर बसला, आणि तो ‘एओलियन हॉल’ही मुळात कंपनीची प्रतिष्ठा वाढवायला बांधलेला.

पण रोल खरे धावले ते पहिल्या महायुद्धाच्या आसपास, शब्द छापलेले रोल आले तेव्हा. हा रोल मी हातात घेऊन पाहिलाय. कागदाच्या उजव्या कडेला गाण्याचे शब्द, अक्षरगट तोडून तोडून, बरोबर त्या त्या सुरापाशी. कागद वरून खाली सरकतो, म्हणून ओळी खालून वर वाचायच्या. पहिल्यांदा डोळे गरगरतात, मग सवय होते. आणि मग पियानोभोवती चार माणसं उभी राहतात, कारण शब्द समोर आहेत आणि सूर कोणाला धरावा लागत नाही. वर्तमानपत्रासारखा दर महिन्याचा ताजा माल, गाजतंय तोवर विकायचं, शिळं झालं की उतरवायचं. ज्या दुकानदारांनी हे ओळखलं त्यांनी रोल पुढच्या काचेत आणले. त्यांना हे शिकवलं मात्र रोलवाल्यांनी नाही, ग्रामोफोनच्या तबकड्यांनी. तीच दुकानं तबकड्याही विकत होती आणि तबकडी कोणी डझनाने फुकट देत नव्हतं.

आकडे थोडक्यात. १९०९ मध्ये अमेरिकेत साडेतीन लाखांहून जास्त पियानो बनले. त्यांतले आपोआप वाजणारे दहात एकाच्या आसपास. १९२३ मध्ये एकूण आकडा जवळपास तेवढाच, पण निम्म्याहून अधिक आपोआप वाजणारे. १९३२ पर्यंत सगळे मिळून तीस हजारही नाहीत. त्याच साली एओलियन आणि तिची कट्टर प्रतिस्पर्धी अमेरिकन पियानो कंपनी यांना एकमेकींच्या गळ्यात पडावं लागलं. सगळे म्हणतात रेडिओने मारलं, मंदीने मारलं. १९२५ पासून विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाल्याने तबकडीही चांगली वाजायला लागली होती. हे सगळं खरंच आहे. पण मला धंदेवाल्याच्या नजरेने वाटतं, रेडिओ घरात आला तेव्हा त्याने ज्याची जागा घेतली तो पियानो बऱ्याच घरांत आधीच गप्प झालेला होता. घसरण १९२९ च्या आधीच लागली होती. ज्या यंत्राला महिन्याला नवा खाऊ लागतो आणि ज्याचा खाऊ फुकटात एकदाच मिळाला, ते किती दिवस बोलणार?

याला माझ्याकडे पुरावा म्हणावा तर एकच आहे, आणि तो कोर्टात टिकणार नाही. त्या तळघरातल्या बाकाचं झाकण मी उघडलं होतं. आत लांबट खोकी, टोकाला चिकटवलेल्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, त्यांवर गाण्याचं नाव. प्रत्येक खोक्यावर त्याच एका दुकानाचा जांभळा रबरी शिक्का, नेवार्कचा. मी सवयीने मोजली. आयुष्यभर दुकानातला स्टॉक मोजलाय, खोकी दिसली की बोट चालायला लागतं. बारा. “बाकीचे कुठे आहेत?” मी विचारलं. बाई म्हणाल्या, “बाकीचे म्हणजे? हे पियानोबरोबर आले होते. आजोबांनी घेतला तेव्हा.” शंभरेक वर्षं, तीन पिढ्या, बारा रोल. त्यांतले तीन कडेने फाटलेले, कारण कागद दमट हवेत फुगतो, रुंद होतो, भोकं पट्टीवरून सरकतात आणि कडा घासतात. तळघर ओलसरच होतं. हे यंत्र मुंबईच्या जुलैत किती दिवस टिकलं असतं असा विचार मनात आला.

निघताना मी एक रोल परत गुंडाळला. दांडा उलट्या बाजूला ओढायचा आणि पुन्हा पाय मारायचे. कागद उलटा पळतो आणि एकही सूर उमटत नाही, नुसता भात्यांचा श्वास. बाई म्हणाल्या, लहानपणी त्यांना याच कामाला बसवायचे, कारण वाजवायला मोठी भावंडं असत.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मुलीकडे जाणार आहोत. तेरावा रोल मी आत्ताच मागवून तिच्या पत्त्यावर पाठवलाय. जुने रोल इंटरनेटवर पाच-सहा डॉलरला मिळतात. शब्दांचाच घेतला. पोस्टेज रोलपेक्षा जास्त पडलं.